शिकमीतलं दार

कोतवाल नोटीस घेऊन बांधावर आला तवा मी सोयाबीनच्या पातीत उकिडवी बसले होते. श्रावण चालू, पण वीस दिवस झाले, पावसाचा थेंब न्हाई. जमीन अशी आवळली होती की खुरप्याचं टोक आत शिरेना. हरळीचा शेंडा हातात यायचा आन् मुळी खाली तशीच राहायची.

"नीलाकाकू, सही करा," कोतवाल म्हणला.

"कागद मालकाच्या नावाचा, सही मी कामून करू? ते बघ, तिकडं विहिरीवर बसलेत. मोटार पाणी ओढंना म्हणून तिच्या तोंडाकडं बघायलेत."

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतेत. नाव घ्यायचं न्हाई. गावात त्यांना गुरुलिंगप्पा म्हणतेत, मी मालक म्हणते. पण त्या दिवशी कागद वाचला तवा कळलं, मालक म्हणणारी सगळ्या तालुक्यात मी एकटीच हाय.

अर्ज महांतेश पाटलाचा होता. ह्या पाटलाचा आजा निजामाच्या राज्यात आमच्या गावचा मालीपाटील, म्हंजे सारा गोळा करणारा पाटील. आमच्या चार एकराच्या सातबाऱ्यावर वरच्या रकान्यात त्या घराचं नाव, आन् खाली बारक्या रकान्यात माझ्या आजेसासऱ्याचं, बसवणप्पाचं. नावापुढं एकच शब्द, 'शिकमी'. पाटील म्हणतो, शिकमी म्हंजे कूळ, कुळाची मुदत कवाच संपली, आता वावर सोडा. सत्तर वर्षं कुणाला हे सुचलं न्हाई. चार वावरं पलीकडून नव्या रस्त्याचे खुंटे ठोकले आन् पाटलाला एकदम आठवण झाली. वा रे वा!

त्या वावरात विहीर हाय. माझ्या सासऱ्यानं ती स्वतः खोदली, त्यात त्यांचा पाय मोडला, मरेपर्यंत लंगडत चालले. दुसरी जमीन आम्हाला न्हाई. लेकरू पुण्याला कंपनीत हाय, त्याचा पगार त्यालाच पुरंना. ही चार एकर गेली म्हंजे मी ह्या वयात दुसऱ्याच्या पातीला मजुरीनं लागणार, एवढं मला तिथंच बांधावर कळलं.

तहसीलला गेलो. नायब तहसीलदार तरुण माणूस, बोलायला नीट. त्यानं समजावून सांगितलं. "काकू, हा शब्द अर्धा हाय. जुन्या हैदराबादच्या कायद्यात दोन जातीचे शिकमी होते. शिकमीदार म्हणजे पट्टेदाराच्या, म्हणजे वरच्या रकान्यातल्या मालकाच्या, बरोबरीचा हिस्सेदार, त्याला कुणी उठवू शकत न्हाई. आणि असामी शिकमी म्हणजे नुसतं कूळ. निजाम गेल्यावर उर्दू दफ्तर मराठीत उतरवलं, तेव्हा कुणीतरी पुढचं-मागचं गाळून नुसतं 'शिकमी' लिहून ठेवलंय. मूळ उर्दू कागद आणा. त्यात जे असंल ते मला मान्य."

मी म्हणलं, झालं, काम फत्ते. उर्दू वाचणारा माणूस तर माझ्या घरातलाच हाय.

माझे मामा, संगप्पा. वय अठ्ठ्याऐंशी. निजामाच्या शाळेत उर्दू चौथी झालेले, गावात तसा एकच माणूस जित्ता. सगळ्या मुलखातली लोकं जुने कागद घेऊन त्यांच्याकडं येतेत आन् मामा भिंगाची काच डोळ्याला लावून वाचून दाखवतेत. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला मामांनी वाढवलं, लाडानं अव्वा, म्हंजे आई, म्हणायचे, मामांनी ह्या घरात दिलं, लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकताना रडले ते मामाच. मामी पार्वतम्मा गेल्यापासून, लेकं उदगीरला राहतेत म्हणून, त्यांचं जेवण माझ्याच चुलीवरचं. मला कुणी विचारलं असतं की देव बघितलास का, तर मी मामाकडं बोट केलं असतं. एवढी येडी होते मी.

"शरणु मामा," असा नमस्कार करून मी कागद पुढं ठेवला. त्यांनी ऐकलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"लातूरला मिळायचं न्हाई ते," म्हणले. "तवा आपला मुलूख बिदर जिल्ह्यात."

तरी मालक आधी लातूरलाच गेले, आन् हात हलवत परत आले. मामा म्हणले तेच खरं. राज्य मोडलं, त्याचे तुकडे झाले, बिदर कर्नाटकात गेलं, आम्हाला धाराशिवात टाकलं, मग त्यातून लातूर निघालं. आम्ही जागचे हललो न्हाई, जिल्हेच आमच्या अंगावरून गेले. कागद मातर बिदरलाच बसून राहिले.

उदगीरवरनं बस धरून आम्ही तिघं बिदरला गेलो. मामाचा एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. कचेरीत शिपाई कानडीत खेकसला तर मामांनी त्याला त्याच्याच कानडीत असं मऊ केलं की त्यानं बसायला खुर्ची आणून दिली. माझी छाती फुगली. दुपारी लाल फडक्यात बांधलेला बस्ता टेबलावर आला. जुन्या कागदाचा वास, वाळवीची भोकं, आन् त्यावर मुंग्या चालल्यावाणी उर्दू अक्षरं. मामांनी बस्त्याला हात लावून कपाळाला लावला.

"सन तेराशे पन्नास फसली," मामा वाचायले. "त्यात पाचशे नव्वद मिळीव, म्हंजे आपला सन निघतो." मग गावाचं नाव. मग मालीपाटलाचं. मग त्यांचं बोट पुढं सरकलं. "बसवणप्पा वल्द मडिवाळप्पा..." आन् बोट थांबलं.

"काय हाय मामा?"

"पाणी दे."

मी बाटली दिली. प्याले. काच पुसली. परत वाकले. मग माझ्याकडं न बघता म्हणले, "असामी शिकमी."

"नीट बघा."

"नीटच बघितलं, अव्वा. कूळच हाय."

मालक भिंतीला टेकून खाली बसले. शिपायानं त्यांना उठवलं, तिथं बसायचं न्हाई म्हणून. आम्ही कागदाची नक्कल घेतली, शिक्का मारून घेतला आन् परत निघालो. बसमधी मामा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. मला त्यांचीच कीव आली. म्हणलं, म्हाताऱ्या माणसाला माझ्यापायी असलं वाईट वाचायची पाळी आली.

पुढच्या तारखेला मामांनी साहेबासमोर तेच सांगितलं आन् मालकांनी जबाब दिला. आम्ही कूळ होतो, सोयाबीन निघालं की कब्जा सोडतो. इष्टलिंगाची चौकोनी डबी छातीवर होती, ती डाव्या हातानं धरली आन् उजव्यानं सही केली. महांतेश पाटील म्हणला, "उभं पीक मी मागत नाही. एवढी माणुसकी आहे आपल्यात." आन् मालक त्याला हात जोडून बसले! मला तर तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाटलाची माणुसकी दुसऱ्याच दिवशी दिसली. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप. चावी पाटलाच्या वाड्यावर. सोयाबीन फुलात, पाणी तर पाहिजेच. मी रोज सकाळी चावी मागायला जायची. त्यांची सून आंघोळ, पूजा, चहा सगळं उरकेपर्यंत मी अंगणात उभी. बस म्हणायचं कुणी न्हाई. एकदा ती आतूनच ओरडली, "अहो, कूळ आलंय चावीला." मला नाव हाय, नीलाबाई. माझ्या सासऱ्याच्या मोडलेल्या पायावर ती विहीर उभी हाय. पण चावी घेतली, पाणी सोडलं, चावी परत नेऊन दिली.

मग पाऊस आला तो नको तवा आला. शेंगा वाळल्या आन् वरून झड लागली. उघडीप बघून काढणीला लागलो. दुसरे गडी लावायची ऐपत न्हाई, दोघंच. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगांची टोकं लई वाईट. तळहाताला चिंध्या बांधल्या तरी आरपार घुसतेत. दिवसभर वाकून वाकून माझी कंबर सरळच होईना. मालक मधीच थांबायचे आन् बांधाकडं बघत बसायचे.

"काय बघायलाव?"

"काही न्हाई. पुढच्या साली इथं कोण बघंल, तेच."

"पाटील बघंल. चला, विळा चालवा."

बोलायला मी अशी कडक. पण पाठ फिरवून दोनदा रडले, ते त्यांना कळलं न्हाई.

चाकूरच्या बाजारात मी गवार घेऊन बसायची. तिथं नुसरत मॅडम नेहमी यायच्या, उर्दू शाळेच्या मास्तरीण. मला मौसी म्हणायच्या. काढणीतल्या एका बाजारी गवार काढताना पिशवीतली कागदाची सुरनळी खाली पडली. पिकाच्या पंचनाम्याला कागद लागत होते, त्यातच बिदरची नक्कल होती. मॅडमनी उचलून दिली आन् सहज नजर टाकली.

"अरे वा, मौसी. ये तो आपके घर के हिस्से का कागद है."

"कसला हिस्सा, माय? कूळ लिहिलंय त्यात."

"कूळ? कौन बोला?"

"माझे मामा. असामी शिकमी."

मॅडम तिथंच भाजीच्या पाटीशेजारी खाली बसल्या. कागद गुडघ्यावर पसरला. "असामी लिखना हो तो पहले अलिफ आता, मौसी. अलिफ म्हणजे ही अशी उभी काडी. यहाँ तो शुरू में अलिफ इच नै. हे बघा, तीन टिंबं, शीन. शिकमी. आणि ही मागची वेगळी तीन अक्षरं. दाल, अलिफ, रे. दार. शिकमीदार. साफ लिखे है, बच्चा भी पढ लेगा."

मी तीनदा वाचायला लावलं. मग माझंच बोट धरून त्यांनी त्या अक्षरांवरनं फिरवलं. तीन टिंबं. मागं दार. माझ्या कानात काही शिरंना. समोर गिऱ्हाईक उभं राहून गवारीचा भाव विचारत होतं आन् मी त्याच्याकडं येड्यावाणी बघायले.

भाजी तशीच टाकून मी गावाकडं आले. आधी वाटलं, मामाच्या डोळ्याचा दोष. अठ्ठ्याऐंशी वय, मोतीबिंदू, चुकलं असंल. सगळ्या वाटेनं मी त्यांच्या बाजूनं भांडत आले, माझ्याशीच.

मामा ओसरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. "मामा, हे काय हाय?"

काच घ्यायला त्यांनी हातसुद्धा हलवला न्हाई. बोट बघितलं आन् मान खाली घातली. तवाच मला कळलं की डोळ्याचा दोष न्हाई.

"तुम्ही दार खाल्लं," मी म्हणलं.

"आज न्हाई खाल्लं, अव्वा," मामा म्हणले. "सत्तर वर्षांखालीच खाल्लं."

मग सांगायला लागले. निजाम गेला, उर्दू दफ्तर मराठीत उतरवायचं काम निघालं. गावच्या पटवाऱ्याला मराठी येईना, मामांना दोन्ही यायचं. अठरा वर्षांचं पोरगं. पटवारी सांगायचा, मामा लिहायचे. बसवणप्पाची ओळ आली त्या दिवशी मालीपाटील शेजारी येऊन बसला. म्हणला, संगप्पा, एवढं लांब कशाला लिहितोस, शिकमी लिही, पुरे. पोरानं लिहिलं. पुढच्या गुढीपाडव्याला ओढ्याकडची दोन एकर संगप्पाच्या बापाच्या नावावर लागली.

"ती दोन एकर?" मी म्हणलं. ओढ्याकडच्या त्या वावरात मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून हुरडा खाल्लेला हाय.

"ती."

"आन् बिदरला?"

"महांतेश आधीच येऊन गेलता. म्हणला, तुझ्या हातची एक ओळ खोटी ठरली की तुझ्या हातच्या सगळ्या ओळी उकरतेत. तुझी दोन एकर पहिली. लेकांच्या नावावर हाय आता ती." मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. चिंध्या बांधलेले हात. त्यांच्या डोळ्यातनं पाणी गळायलं. "चुकलं, नीला. मी लई दिवस मरायची वाट बघायलोय, मरण येईना. तू हरकतीचा अर्ज दे. साहेब मला बोलावंल. लिंगाची आण, खरं वाचतो."

इष्टलिंगावर हात ठेवून म्हणले. आमच्यात त्याच्यापुढं काही नसतं. मी विश्वास ठेवला. सांगा, कोण न्हाई ठेवणार?

मालकांना मी सगळं सांगितलं न्हाई. मामाची चूक झाली, सुधरायलेत, एवढंच सांगितलं. ते म्हणले, "म्हातारं माणूस, होती चूक." आन् त्या दिवशी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

निकालावर सही व्हायची होती, तेवढ्यात अर्ज गेला. नायब तहसीलदारानं तारीख दिली, दोन्ही बाजू, मूळ नक्कल आन् वाचणारा हजर पाहिजे. मी सकाळी मामांना आणायला गेले तर ओसरी रिकामी. शेजारीण म्हणली, "गाडी आलती. पाटलाची." तरी म्हणलं, आण घेतलीय. गाडीत बसलं म्हणून माणूस लिंग विसरत न्हाई.

कचेरीत मामा महांतेशच्या शेजारी बसलेले. नवं धोतर, नवा फेटा. माझ्याकडं बघितलं न्हाई. मी नुसरत मॅडमना शाळेतून रजा काढायला लावून आणलं होतं, त्या दाराशी उभ्या. साहेबानं नक्कल मामांपुढं ठेवली. "बाबा, बसवणप्पाच्या नावापुढं काय लिहिलंय, मोठ्यानं वाचा."

मी टेबलाजवळ गेले. मामांनी काच लावली. बोट ओळीवरनं पुढं आलं, बसवणप्पा, वल्द, मडिवाळप्पा. तीन टिंबं मला दिसली, माझी मला वाचता आली. मग मामाचं बोट आडवं झालं आन् मागच्या तीन अक्षरांवर निजलं, झाकून टाकलं.

"असामी शिकमी," मामा म्हणले. आवाज खणखणीत.

"बोट काढा!" मी ओरडले. "साहेब, बोट काढायला लावा त्यांना! पुढं अलिफ न्हाई, मागं दार हाय!"

"काकू, तुम्हाला उर्दू येतं?"

"तीन अक्षरं येतेत. तेवढीच लागतेत."

नुसरत मॅडम पुढं झाल्या, वाचून दाखवलं. महांतेश हसला. "साहेब, ह्या बाईंना नीलाबाईनंच आणलंय. आणि संगप्पा तर तिचे सख्खे मामा. निजामाच्या शाळेत शिकलेले. हे दफ्तर मराठीत ज्यांनी उतरवलं, ते हेच. भाचीच्या विरोधात म्हातारा माणूस खोटं का बोलंल?"

उत्तर माझ्याजवळ होतं, पण मामा ओसरीवर बोलले त्याला साक्षी कोण? नुसत्या भिंती. साहेबानं दोन्हीकडं बघितलं. मग सांगितलं, दोन वाचनं दोन तऱ्हेची, कागद जाणकाराकडं पाठवतो. किती दिवस लागतील? सांगता येत न्हाई, वर्ष, दोन वर्षं. तोवर गुरुलिंगप्पांचा जबाब सहीनिशी हाय, त्याप्रमाणं कब्जा पाटलांकडं.

मालकांनी परत हात जोडले. ह्या माणसाला दुसरं काही येतच न्हाई.

बाहेर पायऱ्या उंच. महांतेश फोनवर बोलत गाडीकडं गेला. मामा वरच्या पायरीवर काठी टेकवत उभे, खालची पायरी दिसंना. सवयीनं हात पुढं केला, माझ्या खांद्याच्या उंचीवर. आन् मी, बघा, मी पुढं झाले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं माणूस पडंल म्हणून. त्यांचा हात खांद्यावर आला. एकेक पायरी उतरायलो.

"लिंगाची आण घेतली होती, मामा."

"लेकरांची जमीन जाईल, अव्वा."

"आन् आमची?"

दोन पायऱ्या उतरले. दम लागला होता. मग माझ्या कानाशी येऊन, लहानपणी समजूत घालायचे तसल्या आवाजात म्हणले, "त्या घराचं मी कवाच फेडलंय, नीला. तुला दिली न्हाई का त्या घरात?"

मी थांबले. चाळीस वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं तवा गावात सगळे म्हणले होते, एवढी चुणचुणीत पोरगी, चार एकराच्या मुखदुर्बळ पोराला कशाला द्यायलाव संगप्पा? मामा म्हणले होते, घर चांगलं हाय. मी ते वाक्य जन्मभर जपलं होतं. दुखलं-खुपलं की तेच आठवायची, मामानं बघून दिलंय, चांगलंच असणार.

"तू फेडलंस?" मी म्हणलं. मामाला मी जन्मात कधी तू म्हणले न्हाई, ते तोंडातून निघालं. "एका शब्दाच्या बदल्यात मी? सरकार जमीन घेतं तर मावेजा तरी सांगून देतं रे. मला कुणी सांगितलं?"

"नीला, हात सोडू नको, पडंन मी."

मी सोडला न्हाई. शेवटची पायरी उतरवली, गाडीपर्यंत नेलं, आन् हात खांद्यावरनं काढून महांतेशच्या मनगटावर ठेवला. "पाटील, संभाळा. तुमचं माणूस हाय." महांतेश फोन कानाला लावून बघतच राहिला. म्हातारा मागनं हाका मारायला, मी बसस्टँडची वाट धरली.

मालक स्टँडवर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते, दोन्ही पिशव्या घेऊन. मला बघून सरकले, सावलीत जागा केली. ह्यांचा काय दोष होता? न ह्यांना जमिनीचं कुणी खरं सांगितलं, न बायकोचं. मी त्यांच्याकडं बघितलं, पिकलेल्या मिशा, सहीची शाई लागलेलं बोट, आन् मला पहिल्यांदा ह्या माणसापुढं शरम वाटायला लागली, मीच काहीतरी चोरून आणल्यासारखी.

"पायऱ्यांवर मामा काय म्हणायलते?" त्यांनी विचारलं.

बस लागली होती. लोकं चढायले होते. मी एक पिशवी त्यांच्या हातातनं घेतली.

"काही न्हाई," मी म्हणलं. "तुमची तब्येत विचारायलते."